‘कबूल होता म्हणून’ : बारामती-इंदापूरच्या मजुरीचा दीडशे वर्षांचा हिशेब

आजचा विषय ठरला तेव्हा आमच्या एका स्नेह्यांनी विचारले, “सर, तुम्ही तत्त्वज्ञानाचे. किमान वेतन हा अर्थशास्त्राचा विषय, फार तर वकिलांचा. तुम्ही त्यात काय सांगणार?” प्रश्न रास्त होता. पण न्याय, करार, संमती हे शब्द आयुष्यभर फळ्यावर लिहिल्यानंतर आमच्या एक गोष्ट लक्षात आली आहे. किमान वेतन न देणाऱ्या मालकाला जाब विचारला, की तो अर्थशास्त्र सांगत बसत नाही. तो म्हणतो, “मी काय जबरदस्ती केली का? तो कबूल होता.” आता हा बचाव तत्त्वज्ञानाचा झाला. संमती म्हणजे काय, ती कधी खरी आणि कधी नुसती कागदावरची, हा आमच्याच वर्गातला प्रश्न आहे.

तेव्हा आज आपण ‘कबूल होता’ या दोन शब्दांचा इतिहास बघू. फार लांब जायचं नाही. बारामती आणि इंदापूर, पुणे जिल्ह्याच्या पूर्वेचे हे दोन तालुके. एका बाजूला नीरा, दुसऱ्या बाजूला भीमा, मधून कऱ्हा. आज इथे ऊस आहे, द्राक्ष आहे, डाळिंब आहे, कारखाने आहेत, औद्योगिक वसाहत आहे. दीडशे वर्षांपूर्वी हा भाग दुष्काळी म्हणून ओळखला जायचा. या सगळ्यात आमचा स्वतःचाही एक प्रसंग आहे, तो शेवटी सांगतो.

सुप्याचा बाजार, १८७५

सुरुवात सुप्यापासून करू. सुपे आज बारामती तालुक्यात आहे. त्या काळी बारामती आणि दौंडकडचा मुलूख भीमथडी तालुक्यात मोडत असे. १२ मे १८७५ रोजी, बाजाराच्या दिवशी, आजूबाजूचे शेतकरी सुप्यात जमले आणि त्यांनी सावकारांच्या घरांवर, दुकानांवर मोर्चा वळवला. लूट झाली, पण जमावाचा मुख्य रोख होता कागदांवर. कर्जरोखे, खतं, हिशेबाच्या वह्या बाहेर काढून जाळल्या गेल्या. लोण पुणे आणि नगर जिल्ह्यांतल्या अनेक गावांत पसरले. इतिहासात याला दख्खनचे दंगे म्हणतात.

हे एका दिवसात घडले नव्हते. इंग्रजी सारापद्धतीची नवी पाहणी गोल्डस्मिड आणि विंगेट या अधिकाऱ्यांनी १८३५-३६ च्या सुमारास सुरू केली ती इंदापुरातच. ३० वर्षांची मुदत संपली आणि फेरआकारणीत सारा वाढला. त्याआधी अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे कापसाचे भाव चढले होते, युद्ध १८६५ ला संपल्यावर ते उतरले. सारा चढलेला, भाव पडलेला, मग शेतकरी सावकाराकडे गेला आणि सावकार म्हणेल त्या कागदावर त्याने अंगठा उठवला.

कोर्टात काय व्हायचे? सावकार कागद पुढे करायचा. अंगठा तुझाच ना? माझाच. मग फेड. शेतकऱ्याच्या हातात प्रत्यक्ष किती रुपये पडले, त्यावर व्याज किती चढवले, जुने कर्ज नव्यात किती वेळा मिसळले, हे कोणी विचारत नसे. अंगठा आहे म्हणजे तो कबूल होता.

दंग्यांनंतर चौकशी आयोग बसला आणि १८७९ मध्ये दख्खन शेतकरी मदत कायदा झाला. या कायद्यातली एक तरतूद आम्हाला फार मोलाची वाटते. न्यायाधीशाने केवळ रोख्यावर विसंबून न राहता कागदाच्या मागे जावे, व्यवहार पहिल्यापासून तपासावा आणि मग खरे देणे ठरवावे, असे त्यात सांगितले. सावकारी संपली नाही, हे उघड आहे. पण अंगठा हा संमतीचा पुरेसा पुरावा नाही, हे सरकारला कायद्यात लिहावे लागले. आजच्या विषयाचा हा पहिला धागा.

एक पौंड धान्य आणि अर्धा आणा

दंग्यानंतर दुसऱ्याच वर्षी, १८७६ ला पाऊस गेला. भीमथडी आणि इंदापूर हे पुणे जिल्ह्यातले जास्त होरपळलेले तालुके. सरकारने दुष्काळी कामे काढली : रस्ते, तळी, कालव्याचे मातीकाम. आणि मजुरीचा प्रश्न उभा राहिला. इथे मालक कोण? सावकार नाही, बागाईतदार नाही. मालक खुद्द सरकार.

आधीचा दर असा होता. पुरुषाला २ आणे, बाईला दीड आणा, काम करू शकणाऱ्या मुलाला १ आणा. धान्य महागले तेव्हा मुंबई सरकारने सरकता दर लावला : पुरुषाला एक पौंड धान्याची किंमत आणि वर एक आणा. एक पौंड म्हणजे साधारण साडेचारशे ग्रॅम. मग वरच्या सरकारला खर्च जास्त वाटू लागला. व्हाइसरॉय लिटनच्या सरकारने सर रिचर्ड टेंपल यांना दुष्काळी भागात पाठवले. या टेंपलसाहेबांनी तीन वर्षांपूर्वी बिहारच्या दुष्काळात सढळ हाताने खर्च केला होता आणि त्याबद्दल त्यांच्यावर उधळपट्टीची टीका झाली होती. आता ते काटकसर शिकून आले होते. जानेवारी १८७७ मध्ये महसुली अधिकाऱ्यांच्या देखरेखीखालच्या कामांवर पुरुषाची मजुरी एक पौंड धान्याची किंमत आणि अर्धा आणा इतकी खाली आणली गेली.

अर्ध्या आण्याने काय होते, असे वाटेल. जरा हिशेब करू. रुपयाला १६ पौंड धान्य मिळते असे धरा. रुपयाचे आणे १६, म्हणजे पौंडाला एक आणा. जुन्या दराने पुरुषाला २ आणे मिळत, नव्या दराने दीड. चौथा हिस्सा गेला. आणि मीठ, मिरची, सरपण, अंगावरचे कापड, कामावर न जाऊ शकणारी म्हातारी माणसे, हा सगळा प्रपंच त्या वरच्या आण्यात चालत होता. तोच अर्धा झाला.

त्या वेळी लोक काय म्हणाले? पुष्कळांनी कामच सोडले. उपाशी माणसांनी दुष्काळी कामावर टाकलेला हा बहिष्कार होता. पुण्याच्या सार्वजनिक सभेने त्यांची बाजू उचलून धरली. गणेश वासुदेव जोशी, म्हणजे आपले सार्वजनिक काका, हे सभेचे प्राण होते आणि न्यायमूर्ती रानडे त्यांच्या पाठीशी होते. सभेने सरकारकडे अर्ज केले, गावोगावची माहिती गोळा केली. तिकडे मद्रासेत सरकारचाच आरोग्य अधिकारी, डॉक्टर कॉर्निश, सांगत होता की दिवसभर माती वाहणाऱ्या माणसाचे शरीर एक पौंड धान्यावर टिकत नाही. मद्रास सरकारला पुढे दर वाढवावा लागला. टेंपलसाहेब त्याच वर्षी मुंबई इलाख्याचे गव्हर्नर झाले.

आमच्या मते आपल्या भागातला किमान वेतनाचा पहिला जाहीर वाद हाच. माणूस जगण्यासाठी कमीत कमी किती लागते, आणि त्याहून कमी देऊन ‘येतोय ना कामावर, म्हणजे कबूल आहे’ असे म्हणता येते का? पुढे दुष्काळ आयोग नेमला गेला, दुष्काळ संहिता झाली आणि मजुराची प्रकृती टिकेल इतकी तरी मजुरी हवी, हे तत्त्व सरकारी पुस्तकात आले. त्याहून अधिक देऊ नये, हेही त्याच्याच शेजारी आले.

पाणी कोणाच्या हातांनी आले

याच दुष्काळात नीरा डाव्या कालव्याचे काम सुरू झाले. वीरजवळून निघणारा हा कालवा पुरंदर, बारामती ओलांडून इंदापुरापर्यंत जातो. १८८५ च्या सुमारास त्याला पाणी सुटले. वर भाटघरला धरण झाले. सुरुवातीला शेतकरी पाणी घ्यायला फारसे तयार नसत, दुष्काळ पडला की मागणी, पाऊस झाला की नको. मग मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या पुण्याकडे अभियंता असताना त्यांनी पाण्याची ब्लॉक पद्धत आणली. ऊस वाढला, गूळ वाढला. १९३० च्या दशकात वालचंदनगर उभे राहिले आणि १९५० च्या दशकात सहकारी कारखाने आले : माळेगाव, भवानीनगर, त्यानंतर सोमेश्वर.

ही प्रगती खरी आहे. तिला नावे ठेवायला आम्ही इथे आलो नाही. कालव्याने दोन तालुक्यांचे नशीब बदलले. फक्त एवढेच लक्षात ठेवू, की पाण्याच्या पहिल्या हप्त्याचे पैसे दुष्काळी मजुरांनी भरले. रस्ते, तळी, कालवे या कामांवर सरकारचे जे आणे वाचले, ते कोणाच्या तरी अंगावरच्या मांसातून वाचले होते. कमी मजुरीने खर्च नाहीसा होत नाही, तो दुसऱ्याच्या खात्यावर चढतो. या एका वाक्यापुढे आजचे आमचे बाकीचे व्याख्यान फारसे जात नाही.

कायदा काय म्हणतो

स्वातंत्र्यानंतर लगेच, मार्च १९४८ मध्ये किमान वेतन कायदा झाला. त्याचे २५ वे कलम वाचण्यासारखे आहे. कामगाराने आपला किमान वेतनाचा हक्क सोडला, असा कुठलाही करार, मग तो कायद्याच्या आधीचा असो वा नंतरचा, तेवढ्यापुरता रद्द समजावा. म्हणजे १८७९ चा तोच धागा. तुमची सही असेल, अंगठा असेल, आम्ही तो बघणार नाही. कमी दिलेली रक्कम तर द्यावीच लागेल, शिवाय त्या फरकाच्या दहापटीपर्यंत भरपाई देता येईल, अशीही तरतूद होती. दंड मात्र ५०० रुपयांपर्यंतचा. १९४८ मध्ये ५०० रुपये मोठी रक्कम होती. पुढे ती चेष्टा झाली. २०१९ च्या वेतन संहितेने दंड वाढवला.

किमान म्हणजे किती? १९५७ च्या भारतीय श्रम परिषदेने मोजमाप दिले : एका कमावत्यामागे तीन माणसांचा खर्च, माणशी २७०० उष्मांकांचा आहार, कुटुंबाला वर्षाकाठी ७२ वार कापड, घरभाडे, आणि सरपण-दिवाबत्तीसाठी एकूण वेतनाच्या २० टक्के. नंतर सर्वोच्च न्यायालयाने मुलांचे शिक्षण, औषधपाणी, म्हातारपण यासाठी २५ टक्के आणखी धरावेत असे सांगितले. टेंपलसाहेबांच्या अर्ध्या आण्यापासून इथवर यायला शंभर वर्षांहून अधिक काळ लागला.

मालकाला परवडत नसेल तर? यावरही न्यायालयाने १९५८ आणि १९६१ च्या निकालांत स्पष्ट सांगितले आहे. इतर वेतनवाढीच्या प्रश्नात धंद्याची ऐपत बघता येईल. किमान वेतनाच्या प्रश्नात नाही. जो धंदा माणसाला जगण्यापुरतेही देऊ शकत नाही, त्याला चालू राहण्याचा हक्क सांगता येत नाही.

पण कायद्याची आणि शेताची भेट व्हायला वेळ लागला. शेतमजुरांसाठी महाराष्ट्रात किमान मजुरीचे दर प्रत्यक्ष ठरेपर्यंत १९७० चे दशक उजाडले.

पुन्हा दुष्काळ, पुन्हा सरकारच मालक

१९७२ चा दुष्काळ आमच्या पिढीने डोळ्यांनी पाहिला. आम्ही तेव्हा विशीत होतो. रस्त्याच्या कडेला खडीचे ढीग, त्यामागे ओळीने बसलेल्या बाया, डोळ्यात कपची जाऊ नये म्हणून मान तिरकी करून घण घालणाऱ्या. रेशनला मिलो, मुलांना सुकडी. १९७३ च्या उन्हाळ्यात महाराष्ट्रभर सुमारे ५० लाख माणसे दुष्काळी कामांवर होती. त्यातून रोजगार हमी योजना उभी राहिली. वि. स. पागे यांची ती कल्पना. १९७७ ला कायदा झाला, २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला. पैसा उभा करायला नोकरदारांवर व्यवसाय कर बसवला. आमच्या पगाराच्या चिठ्ठीवर दरमहा तो कापलेला असायचा. स्टाफरूममध्ये त्यावर कुरकुर चालायची, आम्हीही केली आहे. आता त्या कुरकुरीची लाज वाटते.

दुष्काळी कामाला किमान वेतन लागू आहे की नाही? सरकार म्हणायचे, हे काम नव्हे, ही मदत आहे. याला उत्तर मिळाले राजस्थानातल्या एका खटल्यात. १९८३ चा संजित रॉय खटला. अजमेर जिल्ह्यात रस्त्याच्या कामावरच्या मजुरांना दिवसाला ७ रुपये किमान वेतन होते. हातात मात्र पडत होते त्याहून कमी, कारण गटाने केलेले काम मोजून मजुरी वाटली जात होती. त्याआधी १९८२ मध्ये एशियाडच्या बांधकाम मजुरांच्या खटल्यात न्यायमूर्ती भगवती यांनी पाया घातला होता. त्यांचा युक्तिवाद थोडक्यात असा. संविधानाच्या २३ व्या कलमाने वेठबिगार बंद केली आहे. वेठ म्हणजे फक्त चाबकाच्या धाकाने घेतलेले काम नव्हे. भूक हीसुद्धा जबरदस्ती आहे. कोणीही शहाणा माणूस हक्काच्या मजुरीहून कमी पैशांत आपण होऊन राबत नाही. राबत असेल तर काहीतरी त्याला रेटते आहे. म्हणून किमान वेतनाहून कमी मजुरीवर घेतलेले काम हे सक्तीचे काम. संजित रॉय खटल्यात हेच दुष्काळी कामाला लावले गेले. माणसांच्या अडचणीचा फायदा सरकारलाही घेता येणार नाही.

वर्गात आम्ही हा निकाल संमतीच्या प्रकरणाला जोडून शिकवायचो. अॅडम स्मिथने १७७६ मध्येच लिहून ठेवले आहे, की मालक-मजुरांच्या ओढाताणीत मालक वर्षभर थांबू शकतो, पुष्कळ मजूर आठवडाभरही थांबू शकत नाहीत. ज्याला थांबता येत नाही त्याच्या ‘हो’ला पुरते ‘हो’ कसे म्हणायचे? स्मिथला दिसलेले न्यायालयाला दिसायला दोनशे वर्षे लागली.

आणि तरी हा विषय मिटला नाही. २००५ च्या केंद्राच्या रोजगार हमी कायद्यात एक तरतूद होती : किमान वेतन कायद्यात काहीही असले तरी केंद्र सरकार वेगळा दर ठरवू शकेल. मालक सरकार असले की सूट मागण्याचा मोह सुटत नाही, १८७७ पासून.

उसाच्या फडात

आता पुन्हा आपल्या दोन तालुक्यांत येऊ. दिवाळीच्या सुमारास बीड, नगरकडच्या टोळ्या येतात. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. मुकादमाने पावसाळ्यातच उचल दिलेली असते. हंगामभर टनामागे जी मजुरी होते ती उचलीतून वळती होते. एखादा दिवस आजारपणात गेला, तर खाडा मांडला जातो. हंगाम संपला आणि उचल फिटली नाही, तर बाकी पुढच्या हंगामावर. १८७५ चे सुपे आठवा. कर्ज आणि मजुरी एकाच वहीत लिहिली की माणूस मोकळा राहत नाही.

जानेवारी २०२४ मध्ये तोडणीचा दर ३४ टक्क्यांनी वाढला आणि टनाला सुमारे ३६६ रुपयांवर गेला. वाढ चांगलीच. पण हिशेब करून बघा. जोडीने दिवसात दोन टन ऊस तोडला, बांधला, गाडीत भरला असे धरू. दोघांचे ७३२, माणशी ३६६. त्यासाठी १२ तास लागले तर आठ तासांच्या वाट्याला २४४ येतात. त्या वर्षी सरकारी रोजगार हमीचा महाराष्ट्रातला दर होता २९७. तोही काही चैनीचा नव्हता. शिवाय बाईची मजुरी वेगळी हातात येतच नाही, कोयता दोघांचा आणि पावती एकाची.

इथे शेतकऱ्यावर सगळा दोष टाकून मोकळे होता येणार नाही. २०२४-२५ ला उसाचा रास्त दर टनाला ३४०० रुपये होता, तो सव्वादहा टक्के उताऱ्याला. महाराष्ट्रात तोडणी-वाहतुकीचा खर्च शेतकऱ्याच्या बिलातून वजा होतो. म्हणजे तोडणाऱ्याला चार रुपये वाढवा म्हटले, की ते जातात दोन एकरवाल्याच्या खिशातून. वर टोळी लवकर यावी म्हणून खुशाली, वाहनाला एन्ट्री, हे वेगळेच. दोन अडलेली माणसे एकमेकांसमोर उभी केली आहेत आणि साखर तिसऱ्याच ठिकाणी विकली जाते. किमान वेतनाचा विचार करताना हा साखळीचा विचार सोडला, तर शेतकरी आणि मजूर भांडत राहतील.

बुडालेले पैसे कुठे जातात

आता अर्थशास्त्राकडे. एका कामगाराला रोज १०० रुपये कमी दिले आणि वर्षाला ३०० दिवस काम झाले असे समजा. ३० हजार रुपये झाले. अशी हजार माणसे असतील तर तीन कोटी. हे पैसे मालकाकडे राहिले, म्हणजे गावाचे काय गेले?

पहिले, बाजार. गरीब माणूस मिळालेला रुपया जवळच्या बाजारात खर्च करतो : किराणा, कापड, चप्पल, वह्या, दवाखाना. तोच रुपया वर साठला तर तो जमिनीत जातो, पुण्यातल्या फ्लॅटमध्ये जातो. इंदापूरच्या दुकानदाराने मंदी आहे म्हणून तक्रार करावी आणि आपल्याच गड्याला कमी द्यावे, यात तो आपलेच गिऱ्हाईक मारतो.

दुसरे, स्पर्धा. नियमाने पैसे देणारा ठेकेदार निविदेत हरतो, बुडवणारा जिंकतो. चार वर्षांत नियमाने देणारा एकतर धंदा सोडतो किंवा बुडवायला शिकतो. त्याला कोणी वाईट बनवलेले नसते, निविदेने बनवलेले असते.

तिसरे, कर्ज. महिना पुरत नाही म्हणून उचल, उचल फेडण्यासाठी आणखी कमी दरात काम. बचत गटाचे कर्ज, मग फायनान्स कंपनीचे.

चौथे, शरीर. २०१९ मध्ये राज्य सरकारने नेमलेल्या नीलम गोऱ्हे समितीने बीड जिल्ह्यातल्या ८२ हजारांहून अधिक ऊसतोड स्त्रियांची पाहणी केली. त्यांपैकी १३ हजारांहून अधिक जणींचे गर्भाशय काढलेले होते. कारणे अनेक आहेत, पण खाडा पडू नये ही धास्ती त्यात आहेच. कॉर्निश डॉक्टर १८७७ मध्ये जे सांगत होता ते हेच, की मजुरीचा दर शेवटी शरीरावर लिहिला जातो.

पाचवे, आपण सगळे. कमी पगारातल्या कुटुंबाला रेशन, सरकारी दवाखाना, घरकुल लागते, आणि ते द्यायलाच हवे. पण ज्याचा पगार मालकाने बुडवला त्याचा फरक करदाता भरतो, तेव्हा ती मालकाला दिलेली मदत असते.

आक्षेप असा येईल, की मजुरी वाढवली तर कामच जाईल. या आक्षेपाला हसून चालत नाही. १९८८ मध्ये महाराष्ट्रात रोजगार हमीची मजुरी दुप्पट झाली, त्यानंतर कामे काढण्यात सरकारचा हात आखडला, असे अभ्यासकांनी दाखवले आहे. म्हणजे दर कागदावर वाढला आणि हमी पातळ झाली. उलट बाजूही आहे. १९९२ मध्ये अमेरिकेतल्या न्यू जर्सी राज्याने किमान वेतन तासाला सव्वाचार डॉलरवरून पाच डॉलर पाच सेंटवर नेले. डेव्हिड कार्ड आणि अॅलन क्रूगर यांनी तिथली आणि शेजारच्या पेनसिल्व्हेनियातली हॉटेले तपासली. नोकऱ्या घटल्याचे दिसले नाही. कार्ड यांना २०२१ मध्ये नोबेल मिळाले. अर्थ काय घ्यायचा? दर किती असावा यावर वाद करा, जरूर करा. पण ठरलेला दर न देणे हा वेगळा प्रकार आहे. तो वादातला पक्ष नाही, ती वसुली आहे.

आमची सही

आता तो प्रसंग. आम्ही एका महाविद्यालयात शिकवत असताना सफाईचे काम ठेक्यावर गेले. निविदा उघडणाऱ्या समितीत आम्ही होतो. सगळ्यात कमी दराची निविदा मंजूर झाली. काही महिन्यांनी वर्ग झाडायला येणाऱ्या मावशींना आम्ही सहज विचारले, “मावशी, पगार वेळेवर होतो ना?” त्या म्हणाल्या, “व्हतो की सर. खात्यावर येतोय. कार्ड सायबाकडं असतंय. ते काढून आणत्यात आन् हातात देत्यात.” हातात किती पडतात ते त्यांनी सांगितले. मस्टरवर होते त्याच्या निम्म्याहून थोडे जास्त. “मग तक्रार का नाही केली?” तर म्हणाल्या, “तक्रार केली तर उद्या काम कुठाय? कबूल करूनच आलोय की आम्ही.”

त्या सकाळी आमचा तास कांटवर होता. माणसाला केवळ साधन म्हणून वापरू नये, हे आम्ही नुकतेच मुलांना समजावून आलो होतो.

कार्यालयात विचारले तेव्हा उत्तर मिळाले, ती ठेकेदाराची बाब. ते खरे नव्हते. १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्याप्रमाणे ठेकेदाराने कमी दिले तर फरक मूळ मालकाने, म्हणजे महाविद्यालयाने भरायचा होता. हे आम्ही नंतर वाचले. पण एक गोष्ट नंतर वाचायची गरज नव्हती. माणसे किती लागणार हे निविदेत लिहिले होते. किमान वेतनाचा दर सरकारी पत्रकात होता. दोन्हींचा गुणाकार मंजूर रकमेहून जास्त होत होता. चौथीच्या मुलाला जमेल असा गुणाकार. आम्ही पाच प्राध्यापक टेबलाभोवती बसलो होतो, एकानेही केला नाही. इतिवृत्तावर आमची सही आहे. पुढच्या वर्षी आम्ही हा मुद्दा काढला, थोडी सुधारणा झाली, कार्डे ज्याची त्याच्याकडे गेली. त्या एका वर्षाचा फरक मात्र कोणालाही मिळाला नाही.

म्हणून आज तुम्हाला मोठा संदेश नाही. ऐकणाऱ्यांपैकी कोणी सोसायटीचे अध्यक्ष असाल, कोणी शाळेच्या संस्थेवर, कोणी पतसंस्थेवर, कोणाच्या वेलींवर आठ-दहा बाया कामाला असतील. सही करण्याआधी तो गुणाकार करा. वॉचमन किती, तास किती, सरकारी दर किती. मग माणसाला बाजूला घेऊन विचारा, हातात किती पडतात. मस्टर बघू नका, मस्टर नेहमी बरोबर असते. आणि कोणी म्हणाले “तो कबूल आहे”, तर सुप्याच्या त्या बाजाराची आठवण ठेवा. तिथेही प्रत्येक कागदावर अंगठा होता.

प्रश्न असतील तर घेऊ.